एकाच गल्लीतली दोन मतं: आरोग्य योजनेबद्दल खान्देशातली माणसं काय सांगतात

चोपड्याकडच्या, कॉलेजात शिकणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. सरकारी आरोग्य योजना, म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आता पाच लाखांची झाली, सगळ्या रेशनकार्डांना लागू झाली, याबद्दल लोकांना काय वाटतं हे त्यांनी आपल्या गावात घरोघरी जाऊन विचारलं. एका घराने सांगितलं, "योजना नसती तर आमचा बाप गेला असता." लागूनच असलेल्या घराने सांगितलं, "सगळं नावाला आहे, कार्ड चालतच नाही." यातलं खरं कोणतं धरायचं, आणि सुधारणेचा परिणाम झाला म्हणायचं की नाही, असं त्या विचारतात.

ताई, दोन्ही घरं खरं बोलत आहेत. तुमचा प्रश्न मात्र अर्धा राहिला. घरात कोणाला काय झालं होतं आणि ते कोणत्या गावच्या दवाखान्यात गेले, हे विचारलं असतं तर दोन्ही मतं एकमेकांना धरून आहेत हे तिथल्या तिथे कळलं असतं.

मी हे अंदाजाने सांगत नाही. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळे होतं. मी त्या वेळी आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात योजनेच्या रुग्णांना मदत करणारा माणूस, म्हणून काउंटरवर उभा राहिलो. जळगाव आणि नंदुरबारला योजना पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. नंतर मी जळगावात रुग्णालयाच्या योजना विभागात आलो आणि आजही प्रीऑथ (उपचाराआधीची मंजुरी), क्वेरी (फाईलवर काढलेली शंका), क्लेम (रुग्णालयाच्या पैशांचा दावा) यातच दिवस जातो. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत आली आणि एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. पण अमळनेर, पारोळ्याकडचा म्हातारा माणूस आजही काउंटरवर येऊन "जीवनदायीत बसेल का भाऊ?" असंच विचारतो. नावं बदलत गेली, लोकांच्या तोंडी पहिलंच राहिलं. पुष्कळांना या तीन वेगवेगळ्या योजना वाटतात. एकीत नाही बसलं तर दुसरीत बसवा म्हणून ते हात जोडतात, तेव्हा समजावताना जीव कासावीस होतो.

आता त्या दोन घरांकडे येऊ. ज्यांच्याकडे अँजिओप्लास्टी झाली, कोणाचं डायलिसिस सुरू आहे, लेकराच्या हृदयाला छिद्र होतं, तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, ती घरं योजनेला देवासारखं मानतात. शेत गहाण टाकण्याची वेळ आलेली असते आणि डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीवर "काही भरायचं नाही" असं ऐकू येतं. मी माणसं तिथेच रडताना पाहिली आहेत.

दुसऱ्या घरात बहुतेक वेळा असं झालेलं असतं: पोराला ताप आला, प्लेटलेट उतरल्या, तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये चार दिवस सलाईन लावलं आणि बिल वीस-पंचवीस हजारांच्या घरात गेलं. किंवा वडिलांच्या शुगर-बीपीच्या गोळ्यांना दर महिन्याला पैसे जातात. तालुक्याचं ते नर्सिंग होम योजनेत अंगीकृतच, म्हणजे योजनेशी जोडलेलंच, नव्हतं. आणि ओपीडीतली तपासणी, रोजच्या गोळ्या या योजनेच्या चौकटीत पहिल्या दिवसापासून नाहीतच. ही दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची योजना आहे, आणि तेही यादीत असलेल्या उपचारांची. घराघरातला दवाखान्याचा खर्च मात्र तुकड्या-तुकड्यांनी होतो: आज दोनशेच्या गोळ्या, उद्या सोनोग्राफी, परवा रक्त तपासणी. वर्षाकाठी जोडला तर तो मोठा होतो, पण योजनेला तो दिसत नाही. पहिल्या घराला योजना भेटली, दुसऱ्याला भेटलीच नाही. "कार्ड चालत नाही" याचा अर्थ नव्वद टक्के वेळा "आमच्या आजाराला आणि आमच्या गावच्या दवाखान्यात चालत नाही" असा असतो. नव्वद हा आकडा मोजलेला नाही, काउंटरवरचा माझा अंदाज आहे.

सुधारणेने नक्की काय बदललं, हे आता सांगतो, कारण बदल खोटा नाही. आपल्याकडे तर एक जुना अन्याय त्याने मिटवला, ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पूर्वी पिवळं, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि केशरी कार्ड एवढ्यांनाच योजना होती. पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना ती फक्त चौदा जिल्ह्यांत मिळायची: मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. खान्देशातला एकही जिल्हा त्यात नव्हता. म्हणजे सोयगावच्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याचं ऑपरेशन जळगावात आमच्याकडे मोफत व्हायचं, आणि शेजारच्या जामनेरच्या शेतकऱ्याला, तेवढंच शेत, तोच कापूस, तेच कर्ज असताना, पूर्ण बिल भरावं लागायचं. मलकापूरचा बसायचा, बोदवडचा नाही बसायचा. दोघं एकाच वॉर्डात शेजारच्या खाटांवर असायचे आणि हे त्यांना समजावून सांगणं माझ्या वाट्याला यायचं. काय सांगणार? जिल्ह्याची हद्द दाखवायची आणि खाली मान घालायची.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने रेशनकार्डाच्या रंगाची अट गेली. दीड लाखाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख झाली, उपचारांची संख्या १,३५६ झाली, किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. पांढऱ्या कार्डाचा शेतकरी, छोटा दुकानदार, खासगी शाळेतला शिक्षक हे सगळे आत आले. माझ्या मते खान्देशासाठी या सुधारणेतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, पाच लाखांचा आकडा नव्हे.

तो आकडा ज्यांना खरोखर जाणवला ती घरं थोडी आहेत, पण त्यांच्यासाठी फरक जीवनमरणाचा आहे. कॅन्सरच्या रुग्णाचं आधी ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन. जुन्या दीड लाखात रेडिएशनपर्यंत येता येता मर्यादा संपायची. अर्धवट उपचारावर घरी गेलेले रुग्ण मला चेहऱ्यानिशी आठवतात. आता तसं होणं खूप कमी झालं आहे.

मग एवढं होऊनही राग का? त्याचं एक कारण सरकारने स्वतः ओढवून घेतलं. निर्णय जुलै २०२३ चा आणि अंमल १ जुलै २०२४ पासून. मधलं जवळजवळ वर्षभर गावात बातमी पोचलेली, आणि काउंटरवर जुनाच नियम. लोक मोबाइलमधली बातमी माझ्यासमोर धरायचे: "हे बघा, पाच लाख लिहिलंय." मी म्हणायचो, अजून लागू नाही. त्यांना वाटायचं हा माणूस पैशासाठी अडवतो आहे. त्या वर्षात ज्या घरांनी बिलं भरली ती घरं अजूनही योजनेला खोटी म्हणतात आणि त्यांची समजूत मला घालता येत नाही. दवाखान्याच्या बाबतीत लोक एकदाच अनुभव घेतात आणि तो दहा वर्षं सांगतात.

दुसरं कारण पाच लाखांच्या गैरसमजात आहे. लोकांना वाटतं, खात्यात पाच लाख आहेत, ऑपरेशनला जेवढे लागतील तेवढे त्यातून वळते होतील. तसं नाही. प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं आहे आणि रुग्णालयाला तेवढेच मिळतात. पाच लाख ही कुटुंबाची वर्षाची वरची मर्यादा आहे. हा फरक माहीत नसला की पुढचं सगळं बिघडतं. स्टेंटबद्दल, म्हणजे हृदयाच्या नळीत बसवायच्या जाळीबद्दल, रुग्णालयातला कोणीतरी हळूच सांगतो, "पॅकेजमध्ये साधा स्टेंट येतो, चांगला हवा असेल तर वरचे भरा." घाबरलेलं कुटुंब भरतं.

हे माझ्या घरातही घडलं आहे. माझ्या मामांना छातीत दुखायला लागलं म्हणून मावसभावाने त्यांना एका खासगी रुग्णालयात नेलं. मी तेव्हा बाहेरगावी होतो. योजनेत मंजुरी मिळालेली असताना "चांगल्या कंपनीचा" म्हणून पस्तीस हजार रोख घेतले, पावती दिली नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीला लगाम घातला तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली होती, म्हणजे घेतलेली रक्कम अख्ख्या स्टेंटच्या त्या किमतीहूनही जास्त. मी वीस वर्षांपूर्वीपासून दवाखान्यांत वावरणारा माणूस, आणि माझ्याच मामीने पदराच्या गाठीतले पैसे मोजून दिले. पैसे परत मिळाले, पण ते मी नियम जाणणारा होतो म्हणून. गावातल्या साध्या माणसाने काय करायचं?

रुग्णालयांची बाजूही सांगायला हवी, कारण मी त्याच टेबलावर बसतो. पुष्कळ पॅकेजचे दर वर्षानुवर्षं हलले नाहीत, क्लेमचे पैसे महिनोन्महिने अडकतात, एका क्वेरीसाठी फाईल पुन्हा फिरते. छोट्या गावातल्या डॉक्टरला भूल देणाऱ्याचे पैसे त्याच दिवशी द्यावे लागतात, तो क्लेमची वाट बघत बसत नाही. म्हणून तालुक्याचे बरेच चांगले सर्जन योजनेत यायला तयार होत नाहीत. परिणाम असा की अंगीकृत रुग्णालयं जळगाव, धुळे शहरांत दाटलेली आणि तालुक्यात तुरळक. यामुळे रुग्णाकडून वरचे पैसे घेणं योग्य ठरत नाही, एवढं मात्र ठामपणे सांगतो. परवडत नसेल तर योजनेतून बाहेर पडावं. आत राहून गरिबाला लुबाडू नये.

आता काउंटर. लोकांचं मत तिथे, पहिल्या दोन तासांत बनतं. एक रात्र सांगतो. पाचोऱ्याकडचे एक शेतकरी, पन्नाशीचे, बायको बेशुद्ध म्हणून तिला घेऊन आले. मेंदूत रक्तस्राव. सोबत थोरला मुलगा आणि दोन भाऊबंद. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून घालून फाटायला आलेलं केशरी कार्ड. कार्डावर बाईंचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं. ऑनलाइन नोंदीत तर नावच नाही, कारण विभक्त कार्ड करताना ते चढवायचं राहून गेलेलं. आपलं कार्ड इथे चालतं का, असं मुलगा मला अहिराणीत विचारत होता, "आमनं कार्ड आठे चालस का, दादा? एवढंच सांगा." मागे आतून सिस्टर ऑपरेशन थिएटरची तयारी करत होती. अशा वेळी आरोग्यमित्राने "नाव नाही, चालणार नाही" असं म्हटलं तर ते घर आयुष्यभर तेच सांगत फिरणार, आणि तेही खरंच सांगणार. पण तातडीच्या रुग्णासाठी फोनवर कळवून उपचार सुरू करायची सोय योजनेत आहे, कागदपत्रं ठरलेल्या मुदतीत मागून देता येतात. आम्ही तसं केलं. सकाळी मुलगा तहसीलला गेला, पुरवठा विभागात नाव चढवून बारा अंकी नंबर असलेली रेशनकार्डाची प्रत घेऊन संध्याकाळी परत आला. बाई चालत घरी गेल्या. काउंटरवरच्या पोराला ती सोय माहीत नसती, किंवा तो रात्री जागेवरच नसता, तर त्याच योजनेचं उलटं मत तयार झालं असतं.

म्हणून तुमच्या गावात एक गोष्ट आवर्जून सांगा. कार्ड निघालं का, यापेक्षा रेशनकार्डावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आधारप्रमाणे आहे का, हे आजारपणाआधी बघून ठेवा. नवी सून, नातवंडं, विभक्त झालेला भाऊ, घोळ इथेच होतात. एकत्र कुटुंबात दहा-बारा माणसं एका कार्डावर असतील तर पाच लाख त्या सगळ्यांमध्ये मिळून आहेत, हेही लक्षात ठेवा.

सातपुड्याकडचं चित्र वेगळं आहे आणि त्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यावरच्या माणसाला योजनेबद्दल मत विचारलं तर तो मत देत नाही, रस्ता सांगतो. झोळी करून रुग्ण खाली आणायचा, गाडी मिळेल तिथवर चालायचं, मग घाट उतरून शहादा, मग नंदुरबार. तिथे नाही झालं तर धुळे. पाच लाखांचे दहा लाख केले तरी त्या माणसाचा पहिला खर्च गाडीचा आहे आणि बुडालेल्या मजुरीचा आहे. काउंटरवर बोलली जाणारी मराठी त्याला अर्धीच कळते. पावरी, भिली बोलणारा आरोग्यमित्र बसवला तर माझ्या अनुभवाने निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

त्यातून हे लोक ऊसतोडीला गुजरातेत जातात, सहा सहा महिने. व्यारा, बारडोलीकडे कोणी आजारी पडलं की आपलं कार्ड तिथे चालेल का, हा प्रश्न येतो. केंद्राच्या आयुष्मान भारतच्या यादीत बसणाऱ्या कुटुंबाला देशभर कुठल्याही अंगीकृत रुग्णालयात उपचार मिळतात. जे फक्त राज्याच्या पैशातून योजनेत आले आहेत त्यांना तो लाभ राज्याबाहेर मिळत नाही. दोघांच्या हातात दिसायला सारखंच कार्ड, नशीब मात्र वेगळं. जाण्याआधी १४५५५ या हेल्पलाइनवर फोन करून आपलं नाव कुठल्या यादीत आहे ते विचारून घ्यावं. मुकादमांनी हे करायला हवं, ते करत नाहीत.

दोन गोष्टी लोकांना माहीतच नसतात. अपघाताची वेगळी योजना होती, ती २०२३ च्या निर्णयात याच योजनेत आली आणि उपचाराची मर्यादा तीस हजारांवरून एक लाख झाली. सुरत-नागपूर महामार्गावर रोज अपघात पाहणाऱ्या आपल्या भागाला हे पाठ असायला हवं. आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, केंद्राचं वेगळं वय वंदना कार्ड मिळतं. ते आधारवर निघतं. घर आधीच योजनेत असलं तरी म्हाताऱ्यांसाठी स्वतंत्र पाच लाख आहेत.

आणखी एक. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा रुग्णालयापर्यंत. दुसऱ्या घराचा डेंग्यूचा ताप, शुगरच्या गोळ्या यांचं उत्तर विम्यात, म्हणजे या योजनेत, नाही, ते इथे आहे. विमा कितीही वाढवला तरी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिशियन नसेल आणि गोळ्यांचा साठा संपलेला असेल तर त्या घराचं मत बदलणार नाही. सरकारने पैसा विम्यात ओतताना या रुग्णालयांचा हात आखडला तर ते मोठं नुकसान होईल, असं मला या सगळ्या वर्षांनंतर मनापासून वाटतं.

तुमची पाहणी पुन्हा करणार असाल तर "योजना चांगली की वाईट" हा प्रश्न काढून टाका. गेल्या दोन वर्षांत घरात कोण दाखल झालं, कशासाठी, कोणत्या गावाला, तिथे योजना आहे हे कोणी सांगितलं आणि खिशातून किती गेले, एवढंच विचारा. खिशातून गेलेल्या पैशांत गाडी, जेवण, बाहेरून आणलेली औषधं आणि बुडालेली मजुरी वेगवेगळी लिहा. योजनेत असून रोख घेतल्याचं कोणी सांगितलं तर पावती आहे का ते बघा. नसली तरी तारीख, रक्कम, कोणी घेतले ते वहीत टिपून ठेवा. योजनेत दाखल रुग्णाकडून पॅकेजमधल्या उपचारासाठी पैसे घेता येत नाहीत. तक्रार १५५३८८ या नंबरवर करता येते, जिल्हा समन्वयकाकडे लेखी देता येते, आणि त्यावर जिल्हा पातळीची तक्रार निवारण समिती आहे. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्या, त्याच्याशिवाय पुढे कोणी दाद देत नाही.

आणि त्या दुसऱ्या घरी परत एकदा जाच. त्यांचं डेंग्यूचं बिल आता परत येणार नाही, ते स्पष्ट सांगा. मग त्यांचं रेशनकार्ड हातात घेऊन नावं तपासा, घरात सत्तरीपुढचं कोणी असेल तर त्यांचं वय वंदना कार्ड तुमच्याच मोबाइलवरून काढून द्या. जळगाव-धुळ्याची अंगीकृत रुग्णालयांची यादी काढून त्यांच्या भिंतीवर चिकटवा, कोणत्या आजाराला कुठे जायचं ते पेनाने लिहून. अडलं तर मला विचारा.